आवाजाचं बटण नऊवरच का थांबतं?

जुनी यंत्रं घेऊन माझ्याकडे येणारी माणसं साधारण तीनच तक्रारी करतात. पहिली अशी की सीडी लावली की बटण जरासं हललं तरी घर दणाणतं, आणि त्याच ॲम्प्लिफायरवर कॅसेट लावली की बटण अर्ध्याच्या पुढे न्यावं लागतं. दुसरी अशी की मुलाने परदेशातून पाठवलेला नवा रेकॉर्ड प्लेअर वडिलांच्या ॲम्प्लिफायरला जोडला, तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आणि डासाएवढा येतो. तिसरी तक्रार दोनच शब्दांची असते: ‘आवाज फाटतो.’

बहुतेकांनी आधी एखाद्या दुकानात दाखवलेलं असतं. तिथे कुणी स्पीकर बदलायला सांगितलेला असतो, कुणी सगळंच विकून टाकायला. पनवेलच्या जुन्या भागात, टपाल नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर माझं घर आहे. मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे, त्यावर दोन कॅसेट डेक, एक स्पूलचं यंत्र, एक रेकॉर्ड प्लेअर, मल्टीमीटर आणि सोल्डरिंग आयर्न. मी शिकलो वाणिज्य शाखेत. विजेचं जे काही कळतं ते लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून आणि बरेच शॉक खाऊन. त्या टेबलावर मी यंत्रं उघडून पाहतो, आणि दहापैकी सात वेळा असं आढळतं की बिघडलेलं काहीच नाही. प्रत्येक यंत्र आपापल्या जागी ठीक आहे. फक्त एक जेवढ्या जोराने बोलतं, तेवढ्या जोराने बोललेलं दुसऱ्याला चालत नाही.

या विषयावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून हा लेख. शहाणपण शिकवायचं म्हणून नाही. तिसऱ्या तक्रारीतली चूक मी स्वतः एकदा केली आहे आणि तिची भरपाई अजून पूर्ण झालेली नाही. ते पुढे येईल.

सुरुवात डेसिबलपासून करावी लागते, कारण हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. गणेशोत्सव आला की वर्तमानपत्रांत डीजेच्या भिंतींच्या बातम्या येतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे त्यातून अनेकांना पाठ झालं आहे. त्यामुळे डेसिबल म्हणजे गोंगाट मोजायचं माप, जसं दुधाला लिटर, असा समज पक्का झाला आहे. प्रत्यक्षात डेसिबल हे माप नाहीच, ते गुणोत्तर आहे. एखादी गोष्ट दुसरीच्या किती पट, एवढंच ते सांगतं. बातमीतला डेसिबल हवेतल्या दाबाची तुलना माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या दाबाशी करतो. तारेतून वाहणाऱ्या सिग्नलचा डेसिबल व्होल्टची तुलना व्होल्टशी करतो.

गाणं ऐकणाऱ्या वाचकाला हे समजायला अवघड नाही. पंचम म्हणजे नेमका कोणता स्वर, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही. आधी षड्ज कुठे लावला ते सांगावं लागतं. काळी एकचा पंचम वेगळा, काळी चारचा वेगळा. पण षड्ज आणि पंचम यांच्यातलं अंतर दोन्हीकडे तेच. डेसिबल हे असंच अंतर आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचा षड्ज कोणता हे विचारावं लागतं. व्होल्टच्या बाबतीत दुप्पट म्हणजे ६ डेसिबल, दहापट म्हणजे २०, शंभरपट म्हणजे ४० आणि हजारपट म्हणजे ६०. हे चार आकडे लक्षात राहिले तरी या लेखापुरतं भागेल. ॲम्प्लिफायर येणारा सिग्नल जितक्या पट वाढवतो, त्याला त्याचा ‘गेन’ म्हणतात, आणि तोही याच भाषेत सांगतात.

या षड्जांच्या गोंधळामागे टेलिफोनचा इतिहास आहे. डेसिबल हे नाव अलेक्झांडर ग्रॅहम बेलवरून पडलं. १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या अभियंत्यांना लांबलचक तारांमध्ये आवाज किती गळतो हे मोजायचं होतं, त्यातून हे माप आलं. टेलिफोनच्या व्यवहारात ६०० ओहमच्या जोडण्या रूढ होत्या, आणि ६०० ओहमवर एक मिलिवॉट शक्ती म्हणजे ०.७७५ व्होल्ट. हा विचित्र आकडा पुढे रेडिओ केंद्रांनी आणि स्टुडिओंनी उचलला, कारण त्यांचेही कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरूनच प्रक्षेपकापर्यंत जात. आजही व्यावसायिक यंत्रांची नेहमीची पातळी या ०.७७५ च्या ४ डेसिबल वर, म्हणजे सुमारे १.२३ व्होल्ट धरतात. घरगुती यंत्रं बनवणाऱ्यांनी मात्र सरळ १ व्होल्ट हा षड्ज घेतला आणि नेहमीची पातळी त्याच्या १० डेसिबल खाली ठेवली, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोन्हींत जवळपास चौपट फरक पडतो. मंडपवाल्याचा मिक्सर घरच्या टेप डेकला जोडला की आवाज का फाटतो, त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

उरलेलं निम्मं उत्तर सांगायला मला आमच्याकडची खारभूमी बरी वाटते. पनवेल, उरण, पेण या पट्ट्यात खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात आणि पाणी सोडा-अडवायला उघाडी असते. खाचरात पाणी फार खाली गेलं तर चिखल उघडा पडतो, फार वर आलं तर बांधावरून वाहतं. प्रत्येक यंत्राचं हेच आहे. तळाशी त्याची स्वतःची खरखर असते, ती कधीच शून्य होत नाही. वर एक हद्द असते, तिच्यापलीकडे यंत्राला व्होल्ट देता येत नाहीत; लाटेचा माथा मग करवतीने कापल्यासारखा सपाट होतो. यालाच क्लिपिंग म्हणतात आणि कानाला ते फाटल्यासारखं ऐकू येतं. गाणं या दोन हद्दींच्या मधून गेलं पाहिजे, तळापासून लांब आणि बांधाखाली थोडी जागा राखून.

एका यंत्रापुरतं हे सोपं आहे. अडचण तीन-चार यंत्रं एकापुढे एक जोडल्यावर येते, कारण प्रत्येकाचा चिखल वेगळ्या उंचीवर आणि बांध वेगळ्या उंचीवर. पहिल्या यंत्रात सिग्नल दुबळा राहिला आणि दुसऱ्यात तो वाढवला, तर पहिल्याची खरखरही तेवढीच वाढते. ती पुढे कुठेही वेगळी काढता येत नाही. उलट पहिल्याच यंत्रात माथे कापले गेले, तर पुढे आवाज कितीही लहान करा, लाट सपाट ती सपाटच. फाटलेला आवाज हळू लावला तर हळू फाटलेला आवाज मिळतो.

आता तक्रारींकडे वळू. रेकॉर्ड प्लेअरची गोष्ट सगळ्यात मजेची आहे, कारण त्यात तारेतून येणारा सिग्नल सगळ्यात लहान असतो आणि माणसांना ते दिसत नाही. चुंबकीय पद्धतीच्या पिकअपमध्ये सुई हलते आणि त्यातून सुमारे ३ ते ५ मिलिव्होल्ट निर्माण होतात. कॅसेट डेकच्या मागून येणाऱ्या सिग्नलचा हा शंभरावा भाग. फिरत्या कॉइलचे महागडे पिकअप तर अर्ध्या मिलिव्होल्टच्याही खाली असतात. म्हणून ॲम्प्लिफायरमध्ये ‘फोनो’ नावाची वेगळी पायरी लागते. साध्या चुंबकीय पिकअपसाठी तिचा गेन ४० डेसिबलच्या आसपास, फिरत्या कॉइलसाठी ६० च्या आसपास.

ही पायरी नुसती वाढवतही नाही. लाँगप्ले तबकडी कापताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा एवढ्या रुंद होतील की तबकडीवर गाणंच मावणार नाही. तारस्वर मुद्दाम उचलतात, म्हणजे तबकडीची खरखर त्यांच्याखाली झाकली जाते. वाजवताना याच्या नेमकं उलट करायचं असतं. मध्याच्या तुलनेत एका टोकाला सुमारे २० डेसिबल वर, दुसऱ्या टोकाला तितकेच खाली. हा नियम अमेरिकेतल्या रेकॉर्ड उत्पादकांच्या संघटनेने १९५४ साली ठरवला आणि पुढे जगभर चालला. मुलाने पाठवलेला प्लेअर वडिलांच्या ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’मध्ये खुपसला की गेनही मिळत नाही आणि हे उलटं करणंही होत नाही. डासाएवढा आवाज पहिल्यामुळे, पत्र्याचा डबा दुसऱ्यामुळे.

मग वडिलांचा प्लेअर त्याच घरात इतकी वर्षं कसा वाजत होता? कारण आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत आलेले बहुतेक प्लेअर, एचएमव्हीच्या फिएस्टासारखे पेटीवजा, चुंबकीय नव्हते. त्यांच्यात क्रिस्टल किंवा सिरॅमिक पिकअप असे. त्यातला तुकडा दाबला की वीज निर्माण करतो, तीही मिलिव्होल्टमध्ये नव्हे तर व्होल्टच्या मोठ्या अंशात. शिवाय तबकडीवरचा चढ-उतार त्याच्या स्वभावानेच बराचसा सरळ होतो. गरीब माणसाचा पिकअप म्हणून त्याला नावं ठेवतात, पण फोनोची अख्खी पायरी त्याने वाचवली. असाच प्लेअर हौसेने चांगल्या ॲम्प्लिफायरच्या फोनोत जोडला की मात्र पाच मिलिव्होल्टची वाट पाहणाऱ्या पायरीत शेकडो मिलिव्होल्ट घुसतात. माझ्याकडे असे दोन ॲम्प्लिफायर ‘जळलेले’ म्हणून आले होते. दोन्ही ठणठणीत होते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचं आणखी निराळं. त्या १९५४ च्या नियमाआधीच्या असल्यामुळे प्रत्येक कंपनीचा चढ-उतार वेगळा, आणि आजच्या फोनोतून त्या वाजवल्या तर वरचे स्वर मिटल्यासारखे होतात. ज्यांना यात खोल जायचं आहे त्यांनी १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं काम पाहावं. डॉ. सुरेश चांदवणकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या तबकड्यांविषयी जी माहिती गोळा केली, तिच्याशिवाय माझ्यासारख्याचं पानही हललं नसतं.

मधल्या एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या युरोपीय धाटणीच्या यंत्रांच्या मागे गोल, पाच पिनांची डिन जोडणी असते. तिच्या रेकॉर्डिंगच्या पिनांवर जेमतेम काही दहा मिलिव्होल्ट येतात, कारण समोरही डिनच असणार हे गृहीत होतं. लोक नुसती वायर बदलून घेतात आणि आवाज का येत नाही म्हणून डोकं धरून बसतात. इथे वायर नव्हे, मध्ये छोटा ॲम्प्लिफायर लागतो.

आता शीर्षकातलं बटण. सीडी १९८२ साली आली तेव्हा तिच्या प्लेअरमधून पूर्ण ताकदीला २ व्होल्ट निघावेत अशी प्रथा पडली. त्याआधीचे ॲम्प्लिफायर कॅसेट आणि रेडिओसाठी बांधलेले होते, पाव-अर्ध्या व्होल्टवर चालणारे. अनेकांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की २०० मिलिव्होल्ट आत दिले की ॲम्प्लिफायर पूर्ण शक्ती देईल. २ व्होल्ट म्हणजे त्याच्या दहापट, २० डेसिबल जास्त. मग बटण घड्याळातल्या आठ-नऊच्या जागी असतानाच ॲम्प्लिफायरचा दम संपलेला असतो. पुढचा सगळा फेरा निरुपयोगी, नव्हे धोक्याचा.

यावर कुणी म्हणेल, मग बिघडलं काय, बटण नऊवर ठेवा. मीही बरीच वर्षं तेच म्हणत होतो. पण बटणाच्या आतली कार्बनची पट्टी सुरुवातीच्या टोकाला सगळ्यात बेभरवशाची असते. डावी आणि उजवी बाजू तिथे सारखी चालत नाही. हळू आवाजात गायक एका बाजूला सरकलेला वाटतो, तंबोरे दुसरीकडे. दुसरं म्हणजे ‘लाउडनेस’चं बटण. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली मोजून दाखवलं. ती उणीव भरायला लाउडनेसची सोय आली. पण ॲम्प्लिफायरला खोलीतला आवाज ऐकू येत नाही, त्याला फक्त आपल्या बटणाची जागा कळते. बटण नऊवर म्हणजे आवाज हळू, असं समजून तो खर्ज ओततो, आणि खोलीत तर आवाज चांगला मोठा असतो. तबल्याचा डग्गा मग पिंपासारखा वाजतो. दोष डग्ग्याचा नाही, लाउडनेसचाही नाही. सिग्नल मोठा आला म्हणून बटण खाली राहिलं, एवढंच.

उपाय काही रुपयांचा आहे. सीडी प्लेअर आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये प्रत्येक बाजूला दोन रेझिस्टर बसवायचे. वाटेत १० किलोओहम, आणि त्याच्या पुढून जमिनीकडे ४.७ किलोओहम. दोन्ही पाव वॅटचे चालतात. सिग्नल सुमारे १० डेसिबलने उतरतो, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा राहतो. जमिनीकडचा रेझिस्टर १.१ किलोओहमचा घेतला तर २० डेसिबल उतरतात. वायर मीटर-दीड मीटरपेक्षा लांब नसावी आणि रेझिस्टर ॲम्प्लिफायरच्या टोकाला असावेत. बटण मग बारा वाजेपर्यंत मोकळेपणाने फिरतं. माझ्या एका शेजाऱ्यांनी हे बसवून घेतल्यावर दोन दिवसांनी तक्रार केली की ॲम्प्लिफायर ‘कमजोर’ झाला. बटण जितकं कमी फिरवावं लागेल तितकं यंत्र दमदार, हा समज काढणं रेझिस्टर बसवण्यापेक्षा अवघड आहे.

याच समजाचा भाऊबंद यंत्रांच्या तुलनेत भेटतो. दोन प्लेअर आलटून पालटून ऐकवले आणि एक दुसऱ्यापेक्षा अर्धा डेसिबल मोठा असला, तर ऐकणारा ‘हा मोठा’ असं म्हणत नाही, ‘हा अधिक स्वच्छ, अधिक जिवंत’ असं म्हणतो. दुकानदारांना हे आपल्याआधी कळलेलं आहे. घरी तुलना करायची असेल तर दोन्ही यंत्रांवरून एकच सूर वाजवून स्पीकरच्या टोकांवर मल्टीमीटर लावावा आणि व्होल्ट सारखे करावेत. स्वस्त मीटर विजेच्या ५० हर्ट्झच्या आसपासच खरं बोलतात, म्हणून सूर शे-दोनशे हर्ट्झचा घ्यावा. एकीकडे २ व्होल्ट आणि दुसरीकडे २.०२ असले की फरक एक दशांश डेसिबलच्याही आत येतो. असं करून पाहिल्यावर माझ्या स्वतःच्या ठाम मतांपैकी निम्मी गळून पडली. त्यात एका महागड्या वायरीविषयीचं मतही होतं.

आता माझी चूक.

१९८७ साली, मी सतरा वर्षांचा असताना, कर्नाळ्याच्या पायथ्याकडच्या आमच्या गावी आत्याच्या घरी लग्न होतं. दळण तेव्हा गिरणीतच होत असे, पण हळद दळायला जातं बाहेर काढलं होतं. आखातातून आलेला कुणाचा तरी टू-इन-वन होता, त्यात मी साठ मिनिटांची कॅसेट घातली आणि जात्यापासून हातभर अंतरावर ठेवला. पहिल्या बाजूवर आत्या आणि तिची जाऊ यांच्या ओव्या आल्या. दुसऱ्या बाजूवर संध्याकाळी आलेल्या धवलारणीचे धवले. आगरी लग्नात धवलारणीशिवाय विधी पुढे सरकत नाहीत, हे या भागातल्या वाचकांना सांगायला नको. ती बाई पुढे काही वर्षांनी गेली. तिचा दुसरा आवाज कुठे राहिलेला नाही.

मूळ रेकॉर्डिंगमध्येच गेनची एक गंमत आहे. टू-इन-वनमध्ये रेकॉर्डिंगची पातळी हाताने लावायची सोय नसे. यंत्र ती आपोआप लावी. आवाज मोठा आला की गेन खाली, शांतता झाली की काही क्षणांत वर. त्यामुळे ओवी चालू असताना जात्याची घरघर मागे राहते, आणि ओवी संपून दुसरी सुरू होईपर्यंतच्या फटीत ती फुगत फुगत वर येते, जणू जातंच उत्तर देतंय. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे फार काव्यमय वाटतं. प्रत्यक्षात तो दोन-चार भागांच्या सर्किटचा स्वभाव आहे. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांपैकी अनेकींचं ध्वनिमुद्रण पुढे बर्नार्ड बेल यांच्या मदतीने झालं. ते ऐकताना मी आधी फटींकडे कान देतो. तिथे जातं फुगत नाही, आपल्या जागी राहतं. त्या फरकाने रेकॉर्डिंग करणाऱ्याची जाण कळते.

२००८ साली मी ही कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. माझ्या लॅपटॉपला मागून सिग्नल घेण्याची वेगळी लाइनची जागा नव्हती, मायक्रोफोनची एकच जागा होती. पिन बसली म्हणून मी ती घातली. मायक्रोफोनची जागा काही मिलिव्होल्टची अपेक्षा करते, आणि बहुधा आतून आणखी २० डेसिबलची भर चालू असते. डेकमधून येत होते अर्धा व्होल्ट, म्हणजे किमान पंचवीसपट. मी सॉफ्टवेअरमधली पट्टी खाली ओढली, पडद्यावरची लाट हद्दीच्या आत आली आणि मी निश्चिंत झालो. आता वाचकाच्या लक्षात आलं असेल. माथे आधीच्या पायरीत, पट्टीच्या अलीकडे कापले गेले होते. पट्टीने फक्त सपाट झालेली लाट लहान केली. खाचरातलं पाणी ओसंडून गेल्यावर मी पुढची उघाडी लावत होतो.

त्या वेळी मी छोट्या स्पीकरवर ऐकलं आणि समजलो की जुनी कॅसेट आहे, चालायचंच. वर्षभराने चांगल्या हेडफोनवर ऐकलं तेव्हा धवलारणीने सूर वर नेला की तो प्रत्येक वेळी चरचरत होता. पुन्हा घेऊ म्हणून कॅसेट डेकमध्ये घातली. दुसरी बाजू आधी लावली, कारण तीच जास्त महत्त्वाची. दोन मिनिटांत पट्टी रबरी चाकाला गुंडाळली गेली. ते चाक कडक झालंय हे मला माहीत होतं, बदलायचं राहिलं होतं. सोडवताना पट्टी तीन ठिकाणी तुटली आणि बरीचशी दोरीसारखी वळली.

आज मी ज्या पद्धतीने काम करतो ती या कॅसेटने शिकवलेली आहे. आधी डेक साफ, चाकं तपासलेली, हेडचा कोन वरचे स्वर सगळ्यात उजळ येतील असा लावलेला. लाइनची खरी जागा असलेलं वेगळं साधन. मग कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधून तो डिजिटल हद्दीच्या १२ डेसिबल खाली येईल इतकाच गेन. नवखे लोक इथे घाबरतात, त्यांना वाटतं बारा डेसिबल वाया गेले. साधा हिशेब करा. सोळा बिटांत सुमारे ९६ डेसिबलची जागा असते, बारा सोडले तरी ८४ उरतात, आणि साध्या कॅसेटचा स्वतःचा पसारा, खरखरीपासून माथ्यापर्यंत, पन्नास-पंचावन्नच्या आसपास. तीसेक डेसिबल मोकळेच राहतात. चोवीस बिट घेतले तर प्रश्नच मिटतो. शिवाय काट्याच्या मीटरवर विसंबायचं नाही. तो सवयीने आळशी असतो, त्याला वर पोहोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो, आणि ढोलकीची थाप तेवढ्यात येऊन गेलेली असते.

गेल्या वर्षी पेणला मावसभावाच्या घरी त्याच कॅसेटची एक प्रत निघाली. कुणीतरी त्या काळी दोन खणांच्या डेकवर उतरवून घेतलेली. प्रतीची प्रत असल्यामुळे खरखर जास्त आहे, पण माथे शाबूत आहेत. मी ती घरी आणून तीन दिवस तशीच ठेवली, खोलीचा ओलावा आणि पट्टी एकमेकांना सरावू द्यायला, आणि खरं सांगायचं तर भीतीनेही. मग उणे बारावर गेन लावून पहिली बाजू घेतली. चौथ्या ओवीनंतर आत्या यंत्राकडे वळून मला काहीतरी रागावते. माझ्या २००८ च्या फाइलमध्ये तिथे नुसता चरचराट होता. आता शब्द कळतात: हात भरून आलेत, डबा बंद कर आणि दोन फेरे तू ओढ, असं ती म्हणते. त्यानंतर जातं थोडं अडखळत फिरतं. ते मी ओढलेलं असणार.

कॅसेट उलटून घातली तर दुसऱ्या बाजूवर हिंदी सिनेमाची गाणी आहेत. धवले कुणाला नको होते, त्यावर गाणी भरली. माझ्या फाइलमधल्या धवल्यांवर मी हल्लीची सॉफ्टवेअर चालवून पाहिली. ती कापलेल्या माथ्यांच्या जागी अंदाजाने नवे माथे काढतात, चरचराट कमी होतो, पण तो सूर धवलारणीने लावलेला नसतो. तुटलेल्या पट्टीचे तुकडे मी एका डबीत ठेवले आहेत. त्यांतला सात-आठ मिनिटांचा सरळ भाग जोडून, नव्या चाकाच्या डेकवर एकदा घ्यायचा आहे. आत्याच्या नातीकडे ठाण्याला माळ्यावर कॅसेटींची एक पेटी आहे असं कळलं. ती दिवाळीनंतर उघडायची ठरलंय.